मेंदूज्वर : आरोपी विषाणूचा माग

संध्याकाळपर्यंत अंगणात खेळणारे मूल रात्री तापाने फणफणते. एकदोन उलट्या होतात. पहाटे झटके येऊ लागतात, मूल आईलाही ओळख देईनासे होते आणि तालुक्याच्या रुग्णालयातून जिल्ह्याच्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत ते खोल बेशुद्धीत गेलेले असते. अनेकदा पुढचे चोवीस तासही मिळत नाहीत. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात बातमी येते ती 'मेंदूज्वराचा आणखी एक बळी' अशी आणि वाचकाला वाटते, कारण कळले.

वस्तुतः कारण कळलेले नसते. पोटदुखी म्हटल्याने जसे दुखणे अपेंडिक्सचे की मुतखड्याचे हे समजत नाही, तसेच मेंदूज्वर म्हटल्याने मेंदूवर हल्ला कोणी केला हे समजत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये 'ॲक्यूट एन्सेफलायटिस सिंड्रोम' अशी एक व्यापक व्याख्या रूढ केली. अचानक आलेला ताप आणि त्यासोबत शुद्धीत बिघाड किंवा नव्याने सुरू झालेले झटके एवढे असले की रुग्णाची नोंद या शीर्षाखाली करायची. वय कोणतेही असो, ऋतू कोणताही असो. तापात लहान मुलांना येणारे साधे झटके तेवढे वगळायचे. व्याख्या मुद्दामच सैल ठेवलेली आहे, कारण एकही रुग्ण नजरेतून सुटू नये हा तिचा हेतू आहे. मात्र या जाळ्यात सगळेच अडकते. जपानी मेंदूज्वर, नागीण कुळातला हर्पिस, गोवर, गालगुंड, डेंगी, आतड्यांत वाढणारे एंटेरोव्हायरस हे विषाणू त्यात येतात आणि जिवाणूंमुळे होणारा मेंदूच्या आवरणाचा दाह, मेंदूत शिरलेला हिवताप, एवढेच काय, विषबाधाही येते.

हा केवळ शास्त्रज्ञांच्या नोंदवह्यांचा प्रश्न असता, तर सामान्य वाचकाला त्याचे फारसे सोयरसुतक असण्याचे कारण नव्हते. परंतु हर्पिसवर ॲसायक्लोविर हे औषध आहे आणि ते पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तर मूल वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते. जिवाणूंवर प्रतिजैविके आहेत, हिवतापावर आर्टेसुनेट आहे. जपानी मेंदूज्वरावर औषध नाही, पण लस आहे. आरोपी कोण हे चुकले की उपाय चुकतो, आणि तो चुकला की काय होते हे आपल्याच देशात गेल्या पंचवीस वर्षांत पाहावयास मिळाले आहे.

पुरावा कशाला म्हणावे?

मेंदूज्वराच्या रुग्णात विषाणू शोधण्याचे मार्ग प्रामुख्याने तीन. प्रत्यक्ष विषाणू पेशींमध्ये किंवा उंदरांच्या पिलांमध्ये वाढवून दाखवणे, हा सर्वांत जुना आणि सर्वांत खात्रीचा. विषाणूचा जनुकीय अंश पीसीआर चाचणीने टिपणे, हा दुसरा. आणि विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे मोजणे, हा तिसरा, सर्वांत सोपा आणि म्हणूनच सर्वांत अधिक वापरला जाणारा.

सोप्या मार्गातच खड्डे अधिक असतात. जपानी मेंदूज्वराच्या विषाणूचा संसर्ग झालेल्या सुमारे अडीचशे जणांपैकी एकालाच गंभीर आजार होतो. बाकीच्यांना काही झाल्याचे कळतही नाही, पण त्यांच्या रक्तात प्रतिपिंडे मात्र येतात. भातशेती, डुकरे आणि क्युलेक्स डास जेथे एकत्र नांदतात अशा मुलखात दुसऱ्याच कारणाने बेशुद्ध झालेल्या मुलाच्या रक्तातही ती सापडू शकतात. लसीकरण नुकतेच झाले असेल तर आणखी गोंधळ. म्हणून रक्तापेक्षा पाठीच्या कण्यातील पाण्याला महत्त्व दिले जाते. त्या पाण्यात ताज्या संसर्गाची आयजीएम प्रतिपिंडे आढळली, तर विषाणू मेंदूपर्यंत पोहोचल्याचा तो बराच भक्कम पुरावा मानतात. पण पाठीतले पाणी काढायचे म्हटले की आईवडिलांच्या पोटात गोळा येतो. 'पाणी काढले आणि पोरगे गेले' ही समजूत गावोगाव आहे आणि आधीच अत्यवस्थ असलेले मूल त्यानंतर दगावले की ती अधिकच घट्ट होते.

त्यातही वेळेचे गणित आहे. आयजीएम प्रतिपिंडे तयार व्हायला साधारण चारपाच दिवस लागतात. जपानी मेंदूज्वराचा रुग्ण बहुधा तेवढे दिवस हाती असतो. जो आजार चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत जीव घेतो, त्यात शरीराला साक्ष नोंदवायलाच सवड मिळत नाही. अशा वेळी प्रतिपिंडांची चाचणी नकारार्थी आली म्हणून विषाणू नव्हता असे म्हणता येत नाही. हे लक्षात घेतले, तर ज्या विषाणूने सर्वांत जास्त चकवा दिला त्याची कथा नीट समजते. ती सुरू होते नागपूरपासून.

चांदीपुराचा दीर्घ अज्ञातवास

१९६५ मध्ये नागपुरात तापाची साथ होती. पुण्याच्या तत्कालीन विषाणू संशोधन केंद्राचे, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेचे पथक तिचा तपास करीत होते. अपेक्षा होती ती डासांमुळे पसरणाऱ्या परिचित विषाणूंची. नागपूरजवळच्या चांदीपुरा येथील दोन तापकरी प्रौढांच्या रक्तात मात्र यापूर्वी कोठेच नोंद नसलेला विषाणू सापडला. पी. एन. भट्ट आणि एफ. एम. रॉड्रिग्ज यांनी १९६७ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि गावाचेच नाव विषाणूला मिळाले. सूक्ष्मदर्शकाखाली बंदुकीच्या गोळीसारखा दिसणारा हा विषाणू रेबीजच्या विस्तृत कुळातला, पण त्याचे निकटचे भाऊबंद गुराढोरांच्या तोंडाला फोड आणणारे. त्या दोन रुग्णांना साधा ताप आला होता. त्यामुळे भीती वाटावी असे त्यात काही नव्हते.

त्यानंतर अधूनमधून त्याचे नाव कानावर येत राहिले. १९७० मध्ये औरंगाबाद परिसरातील सँडफ्लाय या बारीक माशीत तो आढळल्याचे प्रसिद्ध झाले. १९८० मध्ये जबलपूरला मेंदूविकाराची लक्षणे असलेल्या एका मुलात तो मिळाला. ही नोंद खरे तर धोक्याची घंटा होती, पण एका रुग्णावरून कोणी निष्कर्ष काढत नाही, आणि काढूही नये. चांदीपुरा विषाणू शीतकपाटात आणि संदर्भग्रंथांत पडून राहिला.

२००३ च्या जून ते ऑगस्टमध्ये आंध्र प्रदेशात मुले झपाट्याने दगावू लागली. करीमनगर, वरंगळ आणि आसपासच्या जिल्ह्यांतून हैदराबादच्या रुग्णालयांत रुग्ण येत होते. एकूण ३२९ मुलांना आजार झाला, त्यांतील १८३ दगावली, निम्म्याहून अधिक. ताप, उलट्या, झटके, हातपाय ताठ होणे आणि बेशुद्धी असा क्रम, आणि रुग्णालयात आल्यापासून काही तासांत ते दोन दिवसांत मृत्यू. पहिला संशय साहजिकच जपानी मेंदूज्वरावर गेला, कारण आंध्रला तो नवा नव्हता. पण पुण्याच्या संस्थेत जपानी मेंदूज्वरासह नेहमीच्या संशयितांचा शोध घेतला असता काहीच हाती लागेना.

येथे जुना मार्ग कामी आला. ज्याच्यासाठी चाचणी तयार आहे असाच विषाणू शोधायचा, ही पद्धत सोडून शास्त्रज्ञांनी नमुने निरनिराळ्या पेशींमध्ये वाढत घातले आणि काय उगवते ते पाहिले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात बंदुकीच्या गोळ्या दिसल्या. सहा रुग्णांकडून विषाणू प्रत्यक्ष मिळवला गेला, नऊ जणांच्या नमुन्यांत त्याचा जनुकीय अंश सापडला. मृत्यू पावलेल्या एका बालकाच्या मेंदूच्या ऊतीतही त्याच्या खुणा मिळाल्या. आजाराचे चार दिवस उलटल्यावर घेतलेल्या रक्तात आयजीएम प्रतिपिंडे अधिक वेळा आढळली, त्याआधीच्या रक्तात कमी. साक्ष उशिरा नोंदली जाते हे सांगणारा हा तपशील मला त्या अभ्यासातील सर्वांत बोलका वाटतो. १९६५ च्या मूळ विषाणूशी नव्या विषाणूचे साम्य सुमारे ९७ टक्के होते. म्हणजे कोणी परका आलेला नव्हता. बी. एल. राव आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

प्रकरण येथे मिटले असते तर बरे झाले असते. पण शंका घेणारे गप्प बसले नाहीत, आणि त्यांच्या शंका निराधार नव्हत्या. ३२९ आजारी मुलांपैकी विषाणू प्रत्यक्ष हाती लागला तो मोजक्यांत. मग बाकीच्यांचे काय? या विषाणूची प्रतिपिंडे त्या भागातील निरोगी मोठ्या माणसांतही मोठ्या प्रमाणावर आढळतात. मग मुलांमध्ये ती आढळली यात नवल काय? आणि मेंदूचा दाह झाला असेल, तर पाठीतल्या पाण्यात पांढऱ्या पेशी वाढायला हव्यात, त्या बहुतेक मुलांत वाढलेल्या नव्हत्या. हैदराबादच्या काही बालरोगतज्ज्ञांनी हा दाह नसून मेंदूच्या रक्तवाहिन्यांवरचा आघात असावा असे मत मांडले. वेल्लोरचे ज्येष्ठ विषाणुशास्त्रज्ञ टी. जेकब जॉन यांनी निदानातच काही निसटत नाही ना, असा प्रश्न २००३ मध्येच उपस्थित केला होता.

हा वाद निरर्थक शब्दच्छल नव्हता. विषाणू सापडणे वेगळे आणि त्यानेच मारले हे सिद्ध होणे वेगळे. चोरीच्या रात्री गल्लीत दिसलेला प्रत्येक माणूस चोर नसतो. आरोप टिकायचा तर तो पुन्हा पुन्हा, निरनिराळ्या ठिकाणी, त्याच प्रकारे सिद्ध व्हावा लागतो.

तसे झाले. २००४ मध्ये गुजरातच्या पूर्वेकडील जिल्ह्यांत लहानसा उद्रेक झाला. आजारी मुलांपैकी पाऊण हिश्शाहून अधिक दगावली आणि नमुन्यांत चांदीपुराच मिळाला. २००७ मध्ये नागपूर विभागात ७८ मुलांना मेंदूज्वर झाला. त्यांतील निम्म्या, म्हणजे ३९ मुलांमध्ये चांदीपुरा विषाणूचा संसर्ग सिद्ध झाला. एव्हाना तपासनिसांची पद्धत सुधारली होती. पहिल्या एकदोन दिवसांतच रक्त घेऊन त्यात जनुकीय अंश शोधायचा, आणि जे मूल वाचले त्याचे रक्त पुन्हा घेऊन प्रतिपिंडांची वाढ पाहायची, असा दुहेरी फास टाकला गेला. गंमत अशी की विषाणूचा अंश प्रामुख्याने रक्तातच मिळाला, पाठीतल्या पाण्यात फारच थोड्यांमध्ये. पाण्यावरच विसंबून राहिले असते, तर यातील बहुतेक मुले 'कारण अज्ञात' या रकान्यात गेली असती. ज्या मातीने विषाणूला नाव दिले, तेथेच बेचाळीस वर्षांनी तो मुलांचा मारेकरी म्हणून ओळखला गेला.

विषाणू नसलेला मेंदूज्वर

चांदीपुराच्या प्रकरणात आरोपी विषाणूच निघाला. परंतु 'विषाणूच असणार' या गृहीतकाने किती नुकसान होते, हे पाहायचे तर उत्तर प्रदेशच्या गोरखपूरकडे जावे लागेल. जपानी मेंदूज्वराने तेथे २००५ मध्ये हाहाकार उडवला. हजाराहून अधिक मृत्यू झाले. पुढील वर्षी, २००६ मध्ये मुलांच्या लसीकरणाची मोठी मोहीम सुरू झाली आणि जपानी मेंदूज्वराचा वाटा खरोखरच घटला. पण दर पावसाळ्यात वॉर्ड भरायचे ते भरतच राहिले. काही रुग्णांत एंटेरोव्हायरस सापडले, तेव्हा दूषित पाण्यावर संशय गेला आणि हातपंपांवर भर दिला गेला. पाणी शुद्ध व्हावे हे चांगलेच, पण मेंदूज्वर हटला नाही.

२०१५ च्या सुमारास चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था आणि अन्य संस्थांनी शोधाची चौकट रुंदावली, तेव्हा सुमारे साठ टक्क्यांहून अधिक रुग्णांत स्क्रब टायफसच्या ताज्या संसर्गाची लक्षणे दिसली. हा विषाणू नव्हेच. झुडपांत आणि गवतात राहणाऱ्या गोचिडीच्या जातीच्या अतिसूक्ष्म किड्याच्या अळीने चावा घेतल्यावर होणारा हा जिवाणूजन्य ताप. डॉक्सिसायक्लिन किंवा ॲझिथ्रोमायसिन या स्वस्त, कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या गोळ्यांनी तो पहिल्या आठवड्यात आटोक्यात येतो. मेंदूपर्यंत पोहोचला की उशीर झालेला असतो. त्यानंतर तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांतच तापाच्या रुग्णांना ही औषधे देण्याचे धोरण आले. त्याआधी दगावलेल्यांपैकी किती मुले या गोळ्यांनी वाचली असती, याचा हिशेब मनातल्या मनात मांडला तरी अस्वस्थ व्हायला होते.

बिहारमधील मुजफ्फरपूरची कहाणी आणखी वेगळी. तेथे १९९५ पासून मे-जूनमध्ये, पावसाच्या आधी, मुले पहाटे झटके येऊन बेशुद्ध होत. विषाणूंच्या चाचण्या वर्षानुवर्षे नकारार्थी येत. बऱ्याच मुलांना तापही नसे. २०१४ च्या हंगामात भारतीय आणि अमेरिकी रोगनियंत्रण संस्थांनी मिळून दोन रुग्णालयांतील ३९० मुलांचा अभ्यास केला, त्यांतील १२२ दगावली होती. ज्यांच्या रक्तातील साखर दाखल होताना मोजली होती, अशांपैकी ६२ टक्के मुलांत ती कमी होती. आदल्या दिवशी बागेत लिची खाल्लेली आणि रात्री उपाशी झोपलेली मुले आजारी पडण्याचे प्रमाण फार मोठे होते. लिची ही आपल्या रिठ्याच्या कुळातील. तिच्या गरात आणि बीत असलेली काही द्रव्ये शरीराला चरबीपासून ऊर्जा आणि नवी साखर तयार करू देत नाहीत. पोटभर जेवलेल्या मुलाला त्याने काही होत नाही. कुपोषित, रिकाम्या पोटी झोपलेल्या मुलाची साखर पहाटेपर्यंत तळाला जाते. उपाय काय, तर वेळेवर शिरेतून ग्लुकोज. आणि रात्रीचे जेवण. एवढे कळल्यानंतरही २०१९ मध्ये बिहारमध्ये दीडशेच्या आसपास मुले गेली, हे वेगळे सांगायला नको.

पुन्हा गुजरात

२०२४ च्या जूनपासून गुजरातच्या साबरकांठा, अरवली, पंचमहाल आदी जिल्ह्यांत तेच चित्र पुन्हा दिसले. या वेळी नमुने तातडीने पुण्याला गेले आणि आठवड्याभराच्या आत नहीत, तरी हंगाम संपण्याआधी नक्कीच, आरोपीचे नाव कळले. जूनच्या प्रारंभापासून १५ ऑगस्टपर्यंत देशात मेंदूज्वराच्या २४५ रुग्णांची नोंद झाली, ८२ मृत्यू झाले. चांदीपुराची खात्री पटली ती ६४ जणांत. त्यांतील ६१ गुजरातचे, तीन राजस्थानचे. वीस वर्षांतील हा सर्वांत मोठा उद्रेक ठरला. आकडे नीट पाहिले, तर २४५ पैकी ६४. उरलेल्यांत काहींचा नमुना उशिरा घेतला गेला असेल, काहींना दुसराच आजार असेल. पोते अजून पूर्ण उलगडलेले नाही.

चांदीपुरावर आजही लस नाही, विशिष्ट औषध नाही. मेंदूची सूज उतरवणे, झटके थांबवणे, श्वास चालू ठेवणे, साखर आणि क्षार सांभाळणे, एवढेच डॉक्टरांच्या हाती असते. मात्र नाव कळल्याने एक गोष्ट साधते : कोणावर फवारणी करायची ते ठरते. सँडफ्लाय ही डासाच्या चौथाई आकाराची, केसाळ माशी. ती लांब उडत नाही, उड्या मारल्यासारखी भिंतीवरून सरकते. तिचे घर म्हणजे मातीच्या भिंतींच्या भेगा, गोठ्यातील ओल, शेणामातीचे कोपरे. डासांसाठी गटारे आणि साचलेले पाणी शोधणारी पथके तिच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. गुजरातेत मॅलॅथिऑनची भुकटी घरांच्या भेगांमध्ये भरली गेली, ती याच कारणाने. शहरातील सिमेंटच्या घरांत हा आजार क्वचितच दिसतो आणि मातीच्या घरांत दिसतो, याचेही कारण तेच.

मुलेच का मरतात, मोठी माणसे का नाहीत, याचे एक उत्तर प्रयोगशाळेतील उंदरांनी दिले आहे. नवजात पिलांना विषाणू टोचला तर ती मरतात, वाढलेले उंदीर त्याच मार्गाने टोचल्यावर तगतात. वयाबरोबर शरीर विषाणूला मेंदूत शिरू देईनासे होते आणि ज्या प्रदेशात तो फिरत असतो तेथील बहुतेकांच्या रक्तात मोठेपणी प्रतिपिंडेही आलेली असतात. हिवाळा आणि उन्हाळ्याच्या मधल्या काळात विषाणू कोठे दडतो, हा तपास अजून चालू आहे. १९६६ मध्ये नायजेरियात तो एका साळूसारख्या काटेरी प्राण्यात मिळाला होता. भारतात गाई-म्हशी, शेळ्या, डुकरे यांच्या रक्तात त्याच्या प्रतिपिंडांच्या खुणा सापडल्या आहेत. प्रयोगशाळेत मादी माशीकडून तिच्या अंड्यांमध्ये विषाणू उतरतो, असेही दिसून आले आहे. म्हणजे एखाद्या वर्षी एकही मूल आजारी पडले नाही, तरी भिंतीच्या भेगेत पुढच्या पावसाळ्याची तयारी झालेली असू शकते.